चौदा रेघांची पुतळी

फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले. आल्यापासून जो तो विचारतोय, "काय मग, औंढ्या नागनाथाचं दर्शन झालं का?" नाही झालं. देवळाच्या रस्त्यावरून दोनदा गेले, आत गेले नाही. मी गेले होते एक पोलादी ठसा बघायला. आणि तो ठसा मी पोचायच्या आधीच, माझ्याच कर्मानं, पुसला गेला होता. हे एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे चौकश्या तरी थांबतील.

आधी माझ्या खुळाबद्दल. पुण्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. जन्म कुरुंद्याचा, वसमत तालुक्यातला. पण अभ्यासाला विषय घेतला तो थेट इंग्लंडचा: तिथली अगदी सुरुवातीची, सातव्या शतकातली सोन्याची नाणी. ह्यावरून आयुष्यभर टोमणे खाल्ले. "तुमच्याकडं सातवाहनांची नाणी नांगराला लागतात, आणि तुम्ही निघालात साहेबाची मोजायला!" मरू द्या. मला ती नाणी आवडली, कारण ती बनवणारे लोक उघडउघड नक्कल करत होते आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

झालं असं, की रोमचं राज्य तिथून गेलं. मागं राहिलेली रोमन सोन्याची नाणी लोकांनी कडी लावून गळ्यात घातली. मग समुद्रापलीकडून फ्रँक लोकांची नखाएवढी सोन्याची नाणी यायला लागली. ती बघून इंग्लंडातल्या कारागिरांनी स्वतःचे ठसे कोरले. चेहरा रोमन बादशहाचा, ठेवण फ्रँकांची, हात आपला. एका रोमन नाण्यावर दोन बादशहा शेजारी बसलेत आणि त्यांच्या मागं पंखवाली देवता उभी आहे. इंग्लंडातल्या नकलेत बादशहांची दोन मुंडकी उरली आणि देवतेचे बहुतेक पंखच. कडेच्या अक्षरांचं तर विचारूच नका. कित्येक नाण्यांवर नुसत्या उभ्या रेघा, गोल, शिडीसारखं काहीतरी. पुस्तकं म्हणतात, कारागिरांना वाचता येत नव्हतं, नकलेची नक्कल करताना ते चुकत गेले. मीही तीस वर्षं वर्गात हेच सांगितलं.

आता ह्यात हिंगोली कुठून आली? आपल्या बायकांच्या गळ्यातल्या पुतळीतून आली. पुतळी ही मुळात व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्याची नक्कल. मूळ नाण्यावर एक दाढीवाला संत उभा आहे आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला त्या शहराचा राजा. आपल्या सोनारांनी तो ठसा पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा कोरला आणि संताचा राम झाला, राजाची सीता झाली. कडेच्या रोमी अक्षरांच्या रेघा झाल्या. म्हणजे इंग्लंडात तेराशे वर्षांपूर्वी जे झालं, तेच आपल्या बाजारपेठेत झालं, आणि ते करणारी माणसं अजून जिवंत. त्यांना विचारता येतं!

माझी चुलत बहीण वच्छलाक्का कुरुंद्याला राहते. ती आरोग्यसेविका, गावोगाव लेकरांना लसी देत फिरते. तिनं मागच्या पावसाळ्यात स्वतःच्या पुतळीचा फोटो मोबाइलवर पाठवला. फोटो धूसर होता, पण रेघा दिसत होत्या. पुतळी वसमतच्या दिगंबरशेठ सोनाराकडची. पणज्याच्या वेळचा ठसा अजून वापरणारं ते एकच घर उरलेलं. मी उडालेच. मेमध्ये इंग्लंडातल्या अभ्यासकांपुढं निबंध वाचायचा होता, विषय होता 'नकलेतला बिघाड', आणि हा बिघाड हातात धरून दाखवायची सोय झाली होती.

मग मी एक गोष्ट केली. तो धूसर फोटो मोठा छापला, शेजारी मूळ व्हेनिसच्या नाण्याचा स्वच्छ फोटो लावला, आणि पुतळीवर जिथं जिथं अक्षर चुकलंय तिथं तिथं लाल पेनानं गोल केला. वर्षानुवर्षं पेपर तपासलेला हात. लाल शाई दिसली की थांबत नाही. दिगंबरशेठना पत्रात लिहिलं, "तुमच्या ठशावर मूळ अक्षरं कशी बिघडली आहेत ते खुणा करून पाठवते. हिवाळ्याच्या शेवटी प्रत्यक्ष बघायला येईन." आणि पोस्टात टाकलं.

खरं सांगते, ते गोल मारताना मला मजा आली होती. लहानपणी आईबरोबर त्या दुकानात गेले होते. आम्ही ओट्याच्या खाली उभ्या. दिगंबरशेठच्या वडिलांनी माल चोख दिला, वजन चोख दिलं, पण पुतळी आईच्या हातात वरून टाकली. हात लागू दिला नाही. आईनं ती झेलली. त्या घरच्या ठशावर मी, कुरुंद्याच्या बौद्ध मास्तरची पोरगी, लाल शाईनं चुका काढत होते. आवडलं मला ते.

वसमत

वसमतला उतरले तेव्हा हळद शिजायचे दिवस होते. गावाबाहेर मोठमोठ्या कुकरांतून वाफ निघत होती, शेतात ताडपत्र्या पसरून हळकुंडं वाळत घातलेली. तो वास नाकातून डोक्यात जातो आणि चार दिवस तिथंच राहतो. पुण्यात हळद म्हणजे पुडी. इथं रस्ता पिवळा, बैल पिवळे, चहा देणाऱ्याची बोटं पिवळी. वच्छलाक्का स्कूटी घेऊन स्टँडवर उभी होती. मला बघून म्हणाली, "निर्मे, बारीक झालीस का ग? पुण्यात जेवू देत न्हाईत का?" दोन वर्षांत मी सहा किलो वाढलेय. पण तिचं ते म्हणणं म्हणजे आमच्याकडचा नमस्कारच.

तिच्या मागं बसून सोनारगल्लीत गेले. दिगंबरशेठ पंच्याहत्तरीचे. डोळ्याला भिंग, अंगात बंडी, बोटांची टोकं काळी. मी ओट्यापाशी जरा थबकले, सवय मेली जात नाही, तर ते स्वतः उठून खाली आले.

"या म्याडम, या. गादीवर बसा. तुमी आल्या म्हंजे आमचं नशीब."

त्यांच्या बायकोनं कपबशीत चहा आणला आणि माझ्या हातात दिला. दुकानात गिऱ्हाईक कुणी नव्हतं. भर बाजाराच्या वेळी नव्हतं, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

त्यांनी पेटीतून लाल फडक्यात गुंडाळलेला ठसा काढला. मुठीएवढा पोलादाचा ठोकळा. फडकं उलगडलं आणि माझ्यापुढं धरलं. चेहऱ्यावर पोराला पहिला नंबर मिळाल्यावर बापाच्या असतो तो आनंद.

"बघा," म्हणाले. "समदं बराबर केलं. तुमच्या खुणेपरमानं. एक बी चूक ठिवली न्हाई."

मी बघितलं. एकूण एक रोमी अक्षर सुबक, ठसठशीत, ठशावर असतं तसं उलटं कोरलेलं. संताची दाढी, राजाची टोपी, झेंड्याची काठी, सगळं मूळ नाण्यासारखं. पंच्याहत्तरीच्या हातानं असं काम! मी पेटीत डोकावले.

"शेठ, जुना ठसा कुठाय?"

"ह्योच की. घासून सपाट केला, मंग कोरला. पोलाद जुनं लई चांगलं, आता आसं भेटत न्हाई."

 वच्छलाक्कानं माझ्याकडं बघितलं. शेठनाही माझा चेहरा दिसला असणार, कारण त्यांनी ठसा फडक्यावर ठेवला आणि हळूच विचारलं, "आणखी काई ऱ्हायलं का?"

मी सांगितलं. चुकाच तर बघायच्या होत्या, म्हटलं. त्या रेघांसाठीच आले होते. अक्षरांच्या रेघा कशा झाल्या, ते.

त्यांनी ठशाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अक्षरं न्हवतीच ती, म्याडम. आमच्या घरची खूण व्हती. चौदा रेघा. आमच्या पणज्यानं धरल्या, आज्यानं धरल्या, बापानं धरल्या. परभणीकडच्या एका घराच्या अकरा व्हत्या, नांदेडकडच्यांचे बारके बारके गोल. मोडीला पुतळी आली का रेघा मोजायच्या, कुणाच्या हातची ते कळते. सोनं कसं आसंल ते बी कळते."

 तीस वर्षं मी वर्गात 'निरक्षर कारागिरांच्या चुका' म्हणून जे शिकवलं, ते एका माणसानं दोन वाक्यांत उलटं केलं. त्या इंग्लंडच्या नाण्यांवरच्या रेघा, ते गोल, त्या शिड्या! कुणी सांगावं, तेही चुकत नसतील. घरची खूण धरत असतील.

"मग हे पत्रात कळवलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "माहीत होतं तुम्हाला, तर बदललंत कशाला?"

"तुमी शिकलेल्या. लाल खुणा केल्या. मंग वाटलं, पणज्याकडूनच चूक झाली आसंल आन्‌ आपुन उगं खूण म्हणून बसलो आसू. म्याडम काहून खोटं लिवतील?"

 मी दुसरा प्रश्न विचारला. जुन्या ठशावरच्या पुतळ्या तर बाहेर असतील ना, बायकांच्या गळ्यात? तेव्हा शेठ परत ताठ बसले.  त्यांनी गावोगाव निरोप धाडले होते. आमच्या दुकानातून चुकीची पुतळी गेलेली आहे, आणून द्या, फुकट नवी ठोकून देतो. दिवाळीपासून बायका आणून देत होत्या. शेठ जुन्या आटवत होते, सोन्याचा गोल पत्रा करून नव्या ठशावर धरत होते, वर शिशाचा तुकडा ठेवून ठोकत होते. मजुरी एक पैसा घेतली नव्हती.

"चुकीचा माल आपल्या नावानं गावात ऱ्हावा का?" ते म्हणाले.

इंग्लंडात पुढं असंच झालं होतं. जुनं सोनं आटवलं, नव्या ठशात घातलं, म्हणून ती नाणी आज इतकी दुर्मिळ. मी त्यावर एक अख्खा तास शिकवायची. फळ्यावर आकृती काढून.

कुरुंदा

रात्री वच्छलाक्काकडं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि खरडा खाल्ला. म्हणजे तिनं वाढलं आणि मी चिवडलं. "तुझी पुतळी दाखव," म्हटलं. तिनं दाखवली. नवी कोरी, स्वच्छ अक्षरांची.

"मीबी दिली की ग. फुकट नवी करून देऊन राहिले व्हते, मंग काहून सोडावं? मला काय ठाव, तुला तीच पायजे व्हती." मग पुतळी उलटसुलट करत म्हणाली, "पर एक सांगू? आधी राम-सीता दिसायचे. आता दोन बुवा दिसून राहिले. एकानं तर दाढी ठिवली."

ती हसली, मलाही हसू आलं आणि लगेच रडू आलं. "रडून काय उपेग," अक्का म्हणाली. "उद्यापासून माझी सुट्टी हाय. हिंडू. कुठं तरी एखादी आसंलच. समद्या बाया कुठं एवढ्या कह्यातल्या ऱ्हायत्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कुरुंद्यात फिरलो. सहा घरं. एकीनं माळ मोडून शहरातल्या शोरूममधून नेकलेस केलेला. दोघींनी पोरीच्या लग्नात आटवलेल्या. तिघींच्या गळ्यात नव्या, दाढीवाल्या पुतळ्या. प्रत्येक घरी चहा. पुण्यात कुणाकडं फोन न करता गेलं तर दाराच्या साखळीमागून डोळे दिसतात. इथं आधी बसवतात, पाणी देतात, मग विचारतात कोण म्हणून. शेवटच्या घरी वाळत घातलेल्या हळकुंडांवरून माझा पाय घसरला आणि मी पाटावर बसल्यासारखी ताडपत्रीवर बसले. पांढरी साडी नेसायची अक्कल मला कुणी दिली होती? मागून पूर्ण पिवळी झाले. घरधनीण म्हणाली, "पुन्ना लगीन लागलं जणू बाईचं!" अक्का पोट धरून हसली. मी नाही हसले.

शिरड शहापूर

दुपारी शिरड शहापूरला गेलो. वाटेत चाक पंक्चर. पंक्चरवाला हिंदीत फोनवर बोलत बोलत ट्यूब पाण्यात बुडवत होता आणि आम्ही बाभळीखाली धपाटे आणि दही खात बसलो. शेजारच्या शेतातली एक बाई गवताचा भारा ठेवून आमच्याजवळ टेकली. अक्कानं पुतळीचा विषय काढला.

"दिगंबरशेठच्या ना?" ती लगेच म्हणाली. "त्या खोट्या निघाल्या म्हणं. म्हणून तर वापस घेऊन राहिले. माझ्या नंदेनं मोडून टाकल्या, दुसऱ्या दुकानात."

"खोट्या नाहीत हो," मी म्हटलं. "सोनं अस्सल आहे."

"मंग वापस काहून घेत्यात? दुकानदार आपल्या हातानं माल वापस घेतो का कुठं? कायतरी काळंबेरं आसंल तवाच ना."

तिचं बोलणं बिनतोड होतं. कोणता सोनार आपणहून दिलेलं परत मागतो? पिढ्यान्‌पिढ्या चोख माल दिलेल्या घराचं नाव एका हिवाळ्यात 'खोट्या पुतळ्यांचा सोनार' असं झालं होतं, आणि म्हाताऱ्याला वाटत होतं की तो नाव राखतोय. रिकामं दुकान मला तेव्हा आठवलं. माझा निबंध, माझा पुरावा, सगळं बाजूला राहिलं आणि मला स्वतःची किळस आली. हे लिहिताना शब्द जड वाटतोय, पण दुसरा नाही.

"निर्मे, खा," अक्का म्हणाली. "धपाट्यानं काय पाप केलं?"

सिद्धेश्वर

तिसऱ्या दिवशी अक्काला एकदम आठवलं. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला मेंढरं घेऊन फिरणारी पारूबाई. गेल्या वर्षी तिच्या नातवाला लस दिली तेव्हा गळ्यात काळ्या दोऱ्यात पुतळ्या बघितल्या होत्या. शेठचा निरोप दिवाळीत गेला तेव्हा हे लोक मेंढरांबरोबर लांब कुठं तरी वावरात बसलेले असणार.

औंढ्यावरून सिद्धेश्वरला गेलो. धरणाचं पाणी मागं सरकलेलं, काठच्या गाळात हिरवं गवत, त्यावर मेंढरं विखुरलेली. मासे धरणाऱ्यांच्या पालाशी तेलात तिखटमिठाचे मासे तळत होते. तीन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. दोघींनी उभ्यानंच खाल्ले, तोंड भाजलं.

पारूबाई बांधावर बसून लोकर पिंजत होती. साठीची, काळी, काटक. अक्कानं ओळख सांगितली. नातवाची चौकशी झाली. आणि पदर जरा सरकला तेव्हा मला त्या दिसल्या. काळ्या दोऱ्यात पाच पुतळ्या, जरा काजळलेल्या. मी विचारलं, "जवळून बघू का, बाई?"

तिनं दोरा काढला नाही. मान पुढं केली. मी गुडघे टेकले, चष्मा पुसला आणि मधल्या पुतळीच्या रेघा मोजल्या. चौदा. परत मोजल्या. चौदा. पाचही पुतळ्यांवर चौदा. मला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. खांद्याला धनुष्य असलेला राम, पदर असलेली सीता, आणि भोवती चौदा रेघा, एकसारख्या, मुद्दाम, मोजून काढलेल्या. आंधळ्यालाही कळावं की ह्या चुका नाहीत. मी पिशवीतून कॅमेरा काढला.

तिनं पुतळ्यांवर हात ठेवला.

"थांब. आधी सांग, खऱ्या का खोट्या?"

"खऱ्या, बाई. शंभर टक्के खऱ्या."

"माझी सून नांदंना झाली. तिच्या मायबापाला कुणी सांगितलं, सासूनं पोरीला लग्नात दोन पुतळ्या घातल्या त्या बी खोट्या. माहेरी नेऊन ठिवली लेकराला. मी कितीबी सांगू, कोन आयकून राहिलंय? शेठचा निरोप समद्यायनं आयकला." ती माझ्याकडं रोखून बघत होती. "आन्‌ लोकं म्हणत्यात, पुण्याच्या कोण्या बाईनं चूक काढली. ती तूच का?"

अक्का मधे पडणार होती. मी तिला थांबवलं.

"मीच."

मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. तिनं लोकर खाली ठेवली. "मंग माझ्यासंगं वसमतला चल. शेठच्या दुकानात, बाजाराच्या टायमाला. व्याह्याला बी बलिवते. समद्यांपुढं म्हण, खऱ्या हायेत म्हणून. मंग काढ तुझा फोटो."

पुन्हा वसमत

चौथ्या दिवशी सकाळी सोनारगल्लीत गेलो. पारूबाई, तिचा मुलगा, मुलाचा सासरा, आम्ही दोघी. व्याही तोंड फिरवून उभे. एवढी माणसं सोनाराच्या ओट्यापाशी बघून शेजारचे कापडवाले, भांडीवाले, बाजाराला आलेल्या बायका गोळा झाल्या. मला वर्गात शंभर पोरांपुढं बोलायची सवय. तिथं पहिलं वाक्य दोनदा सुरू केलं.

मी सांगितलं. ह्या पुतळ्या खऱ्या आहेत, सोनं खरं आहे आणि काम पण खरं आहे. ह्या चौदा रेघा दिगंबरशेठच्या घरची खूण आहेत. मला त्या कळल्या नाहीत म्हणून मी त्यांना चूक म्हटलं. शेठनी माझ्यावर विश्वास ठेवला. चूक असेल तर ती माझी एकटीची आहे.

"एवढी शिकून?" गर्दीतून कुणीतरी बाई म्हणाली.

"एवढी शिकून," मी म्हटलं.

व्याह्यांनी काळजीपूर्वक ऐकलं, पारूबाईच्या गळ्याकडं बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "पोरगी परवा धाडून देतो." पारूबाईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, चला, एवढं तरी निस्तरलं.

दिगंबरशेठ इतका वेळ गादीवर मान खाली घालून बसले होते. आता उठले, ओट्याच्या कडेला आले. भिंग कपाळावर सारलं आणि पारूबाईच्या पुतळ्यांकडं बघत राहिले. स्वतःच्या घरची खूण त्यांनी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. त्यांच्याकडं एकही उरली नव्हती.

"पारूबाई," ते म्हणाले, "यातली एकच द्या. दोन दिसांसाठी. तिच्यावरून पुन्ना ठसा कोरतो. आमच्यात आसंच ऱ्हाते, ठसा झिजला का पुतळीवरूनच नवा धरायचा. हात आजूक चालतोय. एकडाव चौदा रेघा धरतो, मंग मेलो तरी चालंल." आणि त्यांनी तळहात पुढं केला.

पारूबाई एक पाऊल मागं सरकली. तिनं पाचही पुतळ्या मुठीत धरल्या.

"न्हाई शेठ. खऱ्या हायेत ते कळलं, बास झालं. तुमच्या हातात आता न्हाई देत."

"आवो, दोनच दिस. आमच्या बापानं ठोकल्यात त्या."

"तुमच्या बापाला दिल्या आसत्या. राग मानू नका. तुमी आपल्या हातानं आपली खूण पुसली. उद्या आणखी कुणी लाल खूण केली तं?"

 शेठचा हात तसाच पुढं होता. मग त्यांनी तो मागं घेतला, बंडीला पुसला.

"बराबर हाय तुमचं," म्हणाले, आणि गादीवर जाऊन बसले.

पारूबाईनं शब्द पाळला. दारातल्या उजेडात उभी राहिली आणि मला हवे तितके फोटो काढू दिले. इतके स्वच्छ आले, की रेघेची प्रत्येक कड दिसते. ते घेऊन मी शेठजवळ गेले. म्हटलं, "हे मोठे करून छापून पाठवते. ह्यावरून कोरा ना."

त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "फोटोवरूनच एकडाव कोरलं की, म्याडम." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांच्या बायकोनं ह्या वेळीही चहा आणला. मी कप दोन्ही हातांत धरून बसले. तो कसा संपवला ते मला आठवत नाही.

मेमध्ये निबंध वाचला, पुण्यातल्या माझ्या घरी टेबलाशी बसून, स्क्रीनवर. 'नकलेतला बिघाड' हे नाव खोडून 'घरची खूण' केलं होतं. इंग्लंडच्या त्या नाण्यांवरच्या रेघा म्हणजे अडाण्यांच्या चुकाच असं धरून चालू नका, त्या मोजून बघा, एवढंच मी मांडलं. पारूबाईच्या पुतळीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा पलीकडची जाणती माणसं पुढं वाकून बघायला लागली. खूप वाखाणणी झाली. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, मूळ ठसा बघायला मिळेल का? मी म्हटलं, ठसा आता नाही. ते हळहळले. म्हणाले, अशा कारागिरांना आपल्या वस्तूंची किंमत कळत नाही, हेच दुःख आहे.

मी गप्प राहिले. तोंड उघडून 'तसं नाही' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? नाही म्हटलं. निबंध आता छापून आलाय. त्यात फोटोखाली एक ओळ आहे: मूळ ठसा उपलब्ध नाही. दिगंबरशेठना इंग्रजी वाचता येत नाही. मराठी येतं, माझं पत्र त्यांनी अक्षर न्‌ अक्षर वाचलं होतं. म्हणून हे मराठीत लिहिलंय, आणि पहिली प्रत त्यांनाच पाठवतेय. शेठ, ठसा तुम्ही घासलात, पण मोडला मी. आणि त्या माणसापुढं मी गप्प बसले.